विद्यापीठाच्या अंगणातील शिल्पे



वसंत ऋतूतील व्याख्यानांची ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगावी रुजली. रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. विद्यापीठात मिळालेले ज्ञान तेथेच कोंडून न ठेवता ते चारचौघांत आणावे, त्याची फोड करावी, ही त्यांची दृष्टी होती. तेव्हा या व्यासपीठावरून विद्यापीठाविषयीच काही बोलावे असे आम्हांस वाटले, यात नवल नाही. मात्र आजचा विषय परीक्षांचा किंवा अभ्यासक्रमाचा नव्हे. विद्यापीठांच्या आवारात जे पुतळे, जी शिल्पे, जी भित्तिचित्रे उभी असतात, त्यांचे समाज बदलू लागला म्हणजे काय होते, एवढाच मर्यादित प्रश्न आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

प्रश्न मर्यादित असला तरी क्षुल्लक नाही. कोणी म्हणेल, वसतिगृहात पाणी नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि तुम्ही पुतळ्यांच्या गोष्टी काय सांगता? आक्षेप रास्त आहे. पण गेल्या दहा-बारा वर्षांत जगातल्या कितीतरी विद्यापीठांत विद्यार्थी जिवाच्या आकांताने भांडले, ते पुष्कळदा एखाद्या पुतळ्यावरूनच भांडले. ज्या गोष्टीवरून शहाणीसुरती तरुण माणसे इतकी पेटतात, ती क्षुल्लक कशी म्हणावी?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, विद्यापीठातील शिल्प हे संग्रहालयातल्या शिल्पासारखे नसते आणि चौकातल्या पुतळ्यासारखेही नसते. संग्रहालयात आपण हौसेने जातो, नको वाटले तर जात नाही. चौकातल्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो, बाकी दिवस आपण त्याला वळसा घालून पुढे जातो. विद्यापीठात मात्र विद्यार्थी तीन-चार वर्षे रोज त्या शिल्पासमोरून वर्गात जातो, आणि वर्गात त्याला काय शिकवतात, तर प्रश्न विचारावयास. आत बसून प्रश्न विचारावयास शिकावे आणि बाहेर आल्यावर पुतळ्यापुढे मात्र गप्प राहावे, हे कसे जमावे? शिवाय पुतळा तोच राहतो, पण पाहणारी पिढी दर चार वर्षांनी नवी येते. आज ज्या घरांतली मुले वर्गात बसली आहेत, त्या घरांतल्या कोणाला पुतळा उभारताना त्या दारातून आत येण्याची मुभाही नसेल. सारा पेच येथेच आहे.

आपण घरापासूनच सुरुवात करू. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावासाठी मोठी देणगी दिली, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विलायती वास्तुकाराने केला, १८६९ साली पायाभरणी झाली आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. स्कॉटसाहेबांनी हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नाही. पण त्या मनोऱ्यावर उंच कोनाड्यांत ज्या दगडी मूर्ती आहेत, त्या घडवण्याचे काम येथल्याच एका अभियंत्याकडे, मुकुंद रामचंद्र यांच्याकडे होते. या मूर्ती देवांच्या नाहीत, राजेरजवाड्यांच्या नाहीत आणि विद्वानांच्याही नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जाती-जमातींचे ते नमुने आहेत. ज्याची त्याची पगडी, ज्याचा त्याचा अंगरखा, यांवरून माणूस ओळखावा, अशी ती योजना.

घडण सुरेख आहे, यात वाद नाही. पण क्षणभर विचार करा. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ, सर्वांची एकच परीक्षा घेणारे, उत्तरपत्रिकेवर जात न विचारणारे. आणि त्याच्याच माथ्यावर समाज कसा कोरला आहे, तर जातवार! राज्यकर्त्यांना हा देश जसा दिसत होता, तसा त्यांनी तो दगडात बसवला. याच विद्यापीठातून १९१२ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी बी. ए. झाला. माणसाला त्याच्या जातीच्या कोनाड्यातून बाहेर काढण्यासाठी पुढे त्याने सारे आयुष्य वेचले. दगड जागचे हलले नाहीत, पण खालून जाणारा समाज हलला. आज त्या मूर्ती पाहणाऱ्याला कारागिराचे कौतुक वाटले पाहिजे आणि त्या योजनेविषयी प्रश्नही पडला पाहिजे. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात बाळगणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण आहे, असे आम्ही मानतो.

मुंबईच्या त्या मूर्ती उंचावर आहेत, त्यांना नावे नाहीत, म्हणून त्यांच्यावरून कोणी भांडत नाही. जेथे पुतळा डोळ्यांसमोर असतो आणि नावानिशी असतो, तेथे काय होते, हे पाहावयाचे तर दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेले पाहिजे. तेथल्या विद्यापीठाच्या पायऱ्यांखाली सेसिल ऱ्होड्सचा ब्राँझचा पुतळा होता. मॅरियन वॉलगेट या शिल्पकर्तीने घडवलेला हा पुतळा १९३४ साली बसवण्यात आला. हनुवटीला हात लावून ऱ्होड्स विचारमग्न बसला आहे आणि खाली पसरलेल्या मुलखाकडे पाहतो आहे, अशी त्याची ठेवण. विद्यापीठ ज्या जमिनीवर आहे ती त्याच्याच मृत्युपत्रातून मिळालेली, म्हणून हा कृतज्ञतेचा पुतळा. पण ती जमीन त्याच्याकडे कशी आली, १८९० ते १८९६ या काळात केप वसाहतीचा पंतप्रधान असताना त्याने काळ्या माणसांच्या जमिनीचे आणि मताधिकाराचे काय केले, हे प्रश्न १९३४ साली विचारणारे कोणी त्या आवारात नव्हते. जे विचारू शकले असते, ते बाहेर होते.

१९९४ साली वर्णद्वेषाची राजवट संपली. ते बाहेरचे लोक आत आले आणि पुतळा होता तेथेच राहिला. तब्बल एकवीस वर्षे राहिला. ९ मार्च २०१५ रोजी एका विद्यार्थ्याने त्या पुतळ्यावर विष्ठा फेकली. कृत्य ओंगळ होते. पण त्या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकले, तर ती विष्ठा जेथून आली त्या झोपडवस्तीत आजही शौचालये नाहीत, हे त्याला दाखवावयाचे होते. त्यानंतर सभा झाल्या, वादविवाद झाले, विद्यार्थ्यांनी कचेरीत ठाण मांडले. विद्यापीठाच्या मंडळाने ठराव केला आणि ९ एप्रिल २०१५ रोजी क्रेन लावून तो पुतळा हलवण्यात आला. एक महिना पुरला. एकवीस वर्षे जे कोणी विचारले नाही, ते महिन्याभरात विचारले गेले.

हे ऐकताना आपणांपैकी पुष्कळांच्या मनात समाधान उमटले असेल. ऱ्होड्स आपला कोणी नव्हे. तेव्हा आता जरा जवळचे उदाहरण घेऊ. आफ्रिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर घाना देश आहे. त्याची राजधानी आक्रा, आणि तेथे लेगॉन येथे देशाचे जुने विद्यापीठ. जून २०१६ मध्ये भारताचे तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तेथे महात्मा गांधींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. भारताने मैत्रीची खूण म्हणून दिलेली ती भेट होती. तीनच महिन्यांनी तेथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा पुतळा हलवावा असा अर्ज केला, आणि त्यावर हजाराहून अधिक सह्या पडल्या. दक्षिण आफ्रिकेतील आपल्या आरंभीच्या वर्षांत गांधीजींनी काळ्या लोकांविषयी जे हिणकस उद्गार लिहून ठेवले, ते त्यांनी पुढे केले. आमच्या आवारात आधी आमच्या थोर माणसांचे स्मारक हवे, असेही ते म्हणाले. डिसेंबर २०१८ मध्ये तो पुतळा तेथून काढण्यात आला आणि पुढे शहरातल्याच दुसऱ्या एका संस्थेत बसवण्यात आला.

श्रोतेहो, येथे आपली परीक्षा आहे. ऱ्होड्स हलला तेव्हा न्याय झाला आणि गांधी हलले तेव्हा अन्याय झाला, असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. हे दोघे एका तागडीत घालावयाचे नाहीत, हे उघड आहे. एकाने साम्राज्य पसरवले, दुसऱ्याने ते उखडावयास लोकांना उभे केले. गांधीजींचे विचार पुढे पुष्कळ बदलले आणि घानाचे एन्क्रूमा त्यांच्यापासून स्फूर्ती घेत होते, हेही तितकेच खरे. पण लेगॉनच्या प्राध्यापकांचा प्रश्न केवळ गांधीजींच्या मोठेपणाचा नव्हताच. आमच्या अंगणात कोण बसणार हे आम्हांला का विचारले नाही, असा तो प्रश्न होता. दोन सरकारांनी आपापसांत ठरवले आणि विद्यापीठाने जागा दिली. तेथे रोज वावरणाऱ्यांच्या वाट्याला फक्त टाळ्या वाजवणे आले. ज्या माणसाने जन्मभर समोरच्याचे मन वळवल्याशिवाय पाऊल टाकू नये असा आग्रह धरला, त्याचा पुतळा मात्र कोणाचेही मन न वळवता उभा राहिला, ही खरी दुःखाची गोष्ट होय.

मग विद्यापीठात टिकते तरी काय? हे समजून घेण्यासाठी आम्ही आपणांस मेक्सिकोला नेतो, कारण तेथे एकाच आवारात टिकलेल्या आणि न टिकलेल्या दोन्ही गोष्टी पाहावयास मिळतात. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला ज्वालामुखीच्या थिजलेल्या काळ्या लाव्हावर १९४९ ते १९५२ या काळात राष्ट्रीय विद्यापीठाचे नवे नगर बांधण्यात आले. साठांहून अधिक वास्तुकार, अभियंते आणि कलावंत त्या कामावर होते. तेथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत हुआन ओगॉर्मन याने रचली. पुस्तकांच्या मजल्यांना खिडक्यांची गरज नव्हती, म्हणून चारही बाजूंना प्रचंड सपाट भिंती मिळाल्या. त्या भिंती त्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतून जमवलेल्या नैसर्गिक रंगांच्या दगडांनी मढवल्या. सुमारे चार हजार चौरस मीटर! त्यांवर त्या देशाची कथा आहे. एका भिंतीवर स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचे जग आहे, दुसरीवर त्यांच्या राजवटीचा काळ, उरलेल्या भिंतींवर आधुनिक जग आणि खुद्द विद्यापीठ. रंग लावलेला नाहीच, दगडाचाच रंग आहे. त्यामुळे ऊनपावसाने तो उडण्याची भीती थोडी.

जवळच विद्यापीठाच्या कचेरीची इमारत आहे. तिच्यावर सिकेरोस या चित्रकाराने १९५२ ते १९५६ मध्ये काम केले. त्यातल्या एका भित्तिचित्राचे नावच मुळी ‘लोक विद्यापीठाकडे, विद्यापीठ लोकांकडे’ असे आहे. दुसऱ्या एका भिंतीवर त्याने मेक्सिकोच्या इतिहासातली साले मांडली आहेत : १५२०, १८१०, १८५७, १९१०. पहिले परकीयांशी झालेल्या झुंजीचे, दुसरे स्वातंत्र्ययुद्धाचे, तिसरे राज्यघटनेचे, चौथे क्रांतीचे. (१८५७ हे साल पाहून आपले कान टवकारले असतील. पण तो निव्वळ योगायोग.) आणि त्यानंतर पाचवे साल आहे : ‘१९??’. एकोणीसनंतर दोन प्रश्नचिन्हे! पुढचा पालट केव्हा होईल ते चित्रकाराने ठरवले नाही. ती जागा त्याने खाली येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मोकळी सोडली. विसावे शतक सरले, तरी भिंतीवरचा प्रश्न प्रश्नच राहिला आहे.

आता याच आवारातली दुसरी गोष्ट. ज्यांच्या कारकिर्दीत हे नगर उभे राहिले, त्या राष्ट्राध्यक्ष मिगेल आलेमान यांचा भव्य पुतळाही तेथे उभारला होता. १९६०च्या दशकात तो सुरुंगाने एकदा नव्हे, दोनदा उडवण्याचा प्रयत्न झाला. मोडक्या पुतळ्याभोवती पत्रे ठोकण्यात आले, आणि १९६८ सालच्या विद्यार्थी आंदोलनात चित्रकारांनी त्या पत्र्यांवरच चित्रे रंगवली. त्याच वर्षी सप्टेंबरात लष्कर विद्यापीठात घुसले, आणि २ ऑक्टोबरला त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या पेटलेल्या दिवसांतूनही ग्रंथालयाच्या भिंती सुखरूप राहिल्या. २००७ साली त्या नगराला जागतिक वारशाचा मान मिळाला. पैसा एकाच सरकारचा होता. एका कामात लोकांना आपली गोष्ट दिसली, दुसऱ्यात राज्यकर्त्याला आपला चेहरा पाहावयाचा होता. पहिले लोकांनी सांभाळले. दुसऱ्याचे नुसते पत्रे उरले.

कोणी म्हणेल, एवढा पैसा आम्ही कोठून आणावा? त्याला उत्तर आपल्याच देशात आहे. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज नावाचा शिल्पकार होता. बांकुड्याच्या एका गरीब नाभिक घरातला हा मुलगा १९२५ साली तेथे शिकावयास आला आणि तेथलाच झाला. १९३८ साली त्याने ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प केले. ब्राँझला पैसे नव्हते. त्याने सिमेंट घेतले, त्यात तेथलाच तांबडा मुरूम कालवला, आणि उघड्यावर, झाडांखाली माणसाहून मोठ्या आकृती उभ्या केल्या. बाप्या खांद्यावर कावड घेऊन निघाला आहे, कावडीत मूल आहे, शेजारी बायको, सोबत कुत्रे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन कामाच्या शोधात निघालेले हे कुटुंब आश्रमाभोवतीच्या वाड्यांवर कोणालाही रोज दिसत असे. १९५६ साली त्याने ‘गिरणीचा भोंगा’ केले. भोंग्याच्या हाकेसरशी वाऱ्यावर पदर उडवीत धावत सुटलेल्या त्या संथाळ स्त्रिया. अठरा वर्षांत समाज कोठून कोठे गेला, ते या दोन शिल्पांत सांगितले आहे. हे कोणा पुढाऱ्याचे पुतळे नव्हेत. ज्यांना त्या काळी कोणत्याही विद्यापीठात प्रवेश नव्हता, ती माणसे येथे विद्यापीठाच्या मधोमध चालत आहेत. हे शिल्प हटवा असा अर्ज कोण करील?

येथवर ऐकून एखादा तरुण श्रोता म्हणेल, ठरले तर! जे आपले नाही ते मोडून टाकावे. त्याला आम्ही पुन्हा केप टाऊनलाच नेऊ. पुतळा हलल्यानंतर दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, वसतिगृहांच्या प्रश्नावरून तेथे पुन्हा आंदोलन पेटले आणि इमारतींतली वीसहून अधिक चित्रे काढून आगीत टाकण्यात आली. त्यांत केरेसेमोसे रिचर्ड बहोलो यांची चित्रे होती. बहोलो स्वतः कृष्णवर्णीय, त्याच विद्यापीठात शिकलेले, आणि त्यांच्या चित्रांचा विषय होता विद्यार्थ्यांचाच लढा. पुतळा हलवताना महिनाभर चर्चा झाली म्हणून नेमका पुतळाच हलला. आगीत टाकताना कोणी थांबून पाहिले नाही म्हणून स्वकीयाची चित्रे जळाली. चौकशीवाचून उभारणे आणि चौकशीवाचून जाळणे, ही दोन्ही एकाच उद्दामपणाची रूपे आहेत.

त्याच विद्यापीठाने तिसरी वाटही दाखवली. तेथल्या ग्रंथालयात सारा बार्टमन या स्त्रीचे भंगार लोखंडातून घडवलेले शिल्प होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या स्त्रीला युरोपात नेऊन जनावरासारखे प्रदर्शनात मांडले होते. तिच्या विटंबनेची चीड येऊनच विली बेस्टर या शिल्पकाराने ते घडवले. पण तेथे ती पुन्हा उघडीच उभी आहे, असे काळ्या विद्यार्थिनींना वाटले. त्यांनी ते फोडले नाही, त्याला वस्त्र पांघरले. त्यावर फार काळ चर्चा चालली, आणि २०१८ साली विद्यापीठाच्या मुख्य सभागृहालाच सारा बार्टमन हिचे नाव देण्यात आले. शिल्पकाराचा हेतू चांगला असला तरी पाहणारीचे म्हणणे ऐकावे लागते, हे यातून शिकावयाचे.

या सगळ्यातून आपल्या विद्यापीठांनी काय घ्यावे? आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, आवारात नवे काही उभारावयाचे असेल तर विद्यार्थी, शिक्षक आणि शिपाई-माळी यांच्यापर्यंत सर्वांपुढे तो विचार आधी मांडावा. वर्ष गेले तरी चालेल, दगडाला घाई नसते. दुसरी, जे जुने आहे त्याच्यापाशी सरळ मराठीत फलक असावा. कोणी उभारले, केव्हा, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या समजुतीने, हे त्यावर लिहावे. राजाबाई मनोऱ्याच्या मूर्ती काढावयाच्या नाहीत, त्या वाचावयास शिकवावयाच्या आहेत. तिसरी, कलाशाळांतील मुलांना आवारातली एखादी भिंत द्यावी आणि मुरूम-सिमेंटात काम करू द्यावे. त्यातले काही फसेल. वर्गातही सगळेच निबंध चांगले उतरत नाहीत.

शेवटी एका वास्तूचे नाव घेतो. ती कोणी कलाकृती म्हणून गणत नाही. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, आणि मराठवाड्यातल्या खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली. माणसे मारली गेली. सोळा वर्षे तो लढा चालला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोकांची रीघ लागते. त्यात पदवीधर असतात, तसे ऊसतोडीला जाणारे असतात. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा म्हाताऱ्या बायाही असतात. त्या कमानीपुढे उभ्या राहतात, हात जोडतात, कडेवरच्या नातवाला ती दाखवतात. बांधणाऱ्याने ती केवळ आतबाहेर जाण्यासाठी बांधली. तिला स्मारक केले ते या लोकांनी, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

मेक्सिकोच्या भिंतीवर चित्रकाराने जे नाव लिहिले, ते आपल्याकडे एका दारापाशी लोकांनी घडवून दाखवले. आपली विद्यापीठे त्या म्हातारीच्या नातवाला आत घेतील तेव्हा त्याला तेथे काय पाहावयास मिळेल, आणि ते त्याला आपले वाटेल काय, याचा विचार कुलगुरूंपासून आपणां सर्वांना करावा लागणार आहे. तो आजच सुरू व्हावा, एवढी आमची विनंती आहे.